बाळाच्या अंगावरची हिरवी जर्सी

यंदा जानेवारीत बाजारात गेले, तर बाळ येशूच्या मूर्तीच्या कपड्यांची दुकानं पुन्हा हिरवीगार. वर्ल्ड कप पुन्हा आमच्या मेक्सिकोत आलाय ना, मग देवाच्या बाळाला तरी सुट्टी कुठली? वीतभर जर्सी, बोटभर मोजे, शेंगदाण्याएवढे बूट, आणि बुटांना खालून खिळेसुद्धा. दुकानवाली माझ्या मागेच लागली.

"घ्या ना आजी. दोन फेब्रुवारीला काय घालणार बाळाला? यंदा सगळी बाळं देशाच्या टीममध्ये आहेत."

"आमचं आधीपासून आहे," मी म्हटलं. "चाळीस वर्षं झाली. त्याच्या जागी अजून कोणी उतरला नाही."

ती हसली. म्हातारी थट्टा करतेय असं तिला वाटलं. मी अर्धा किलो टोमॅटो घेतले आणि घरी आले.

बाळ खरं तर माझं नाही, ओतिलियाचं. ओतिलिया माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. माझ्या थोरलीची ती धर्मआई, त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. आमच्यात हे नातं सख्ख्या बहिणीच्या वर धरतात. बहिणीशी भांडता तरी येतं.

आम्ही इथे आलो तेव्हा वसाहत कसली, आटलेल्या तळ्याचा तळ होता. ऊन पडलं की जमिनीवर पांढरं मीठ फुटायचं, पाऊस पडला की चिखलात चपला राहायच्या आणि पाय वर यायचे. वसाहतीचं नावच एल सालादो, म्हणजे खारं. ओतिलियाचा नवरा लिब्रादो राजधानीत गवंडीकाम करायचा. रोज संध्याकाळी तो बसमधून पोतंभर विटांचे तुकडे घेऊन उतरायचा. बसवाला म्हणायचा, "काय रे लिब्रादो, अख्खं शहर उचलून नेतोस की काय?" लिब्रादो म्हणायचा, "तुम्हाला कळणारसुद्धा नाही, हळूहळू नेतोय."

त्या तुकड्यांचं त्याला घर वाढवता आलं असतं. त्यानं मैदान केलं. त्याचं बघून बाकीचे गडीही पोती आणायला लागले. बायका चुलीतली राख टाकायच्या. चिखल भरला, दाबला, दोन्ही टोकांना पाइपांचे गोल उभे केले, आणि एल सालादोची टीम झाली, 'तेकेस्किते'. शेंगा शिजवताना आम्ही भांड्यात खाऱ्या मातीचा खडा टाकतो, त्याचं हे नाव. शर्ट पिठाच्या पोत्यांचे, ओतिलियानं शिवलेले आणि कांद्याच्या सालींत उकळून रंगवलेले. घाम आला की पोरांना कांद्याचा वास यायचा. बाहेरच्या टीमचे बॅक म्हणायचे, यांना अडवायला जवळ जावं तर डोळ्याला पाणी येतं.

रविवारी सकाळी बादल्यांनी पाणी शिंपडून मैदानाची धूळ बसवायची आणि चुन्याच्या रेघा मारायच्या, हे काम ओतिलियाचं. दोरी धरायला ती कुणाला उभं करायची नाही, सगळं नजरेनं. त्यामुळे पूर्वेकडचा पेनल्टीचा चौकोन कायम मोठा निघायचा. पाहुणे आधी रेफ्रीशी भांडायचे, मग तिच्याशी, पण मानाचं 'दोन्या' लावूनच. "दोन्या ओतिलिया, हा चौकोन आहे की लग्नाचा मांडव?"

"तुम्ही बाहेरच राहा ना," ती म्हणायची. "आत यायचं आमंत्रण कुणी दिलंय?"

मूल तिला झालं नाही. लग्नात सासूनं मातीचं बाळ येशू दिलं होतं, याची सेवा कर, तो दुसरा पाठवेल म्हणून. दुसरा आला नाही. मग ओतिलिया त्यालाच दर रविवारी मैदानावर न्यायची, आणि आपल्या गोलामागे छोट्या लाकडी खुर्चीवर बसवायची. एकदा जोराचा बॉल पाइपला लागून मागे उडाला आणि बाळाच्या उजव्या हाताचं एक बोट तुटलं. तेकेस्कितेची पोरं म्हणायला लागली, बाळानं बॉल अडवला. पाहुणे म्हणाले, मग तुमचे बारा खेळाडू होतात. रेफ्रीनं डोकं खाजवलं आणि बाळाला चार पावलं मागे सरकवलं. तेव्हापासून बाळाची जागा तीच.

लिब्रादो बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला, तेव्हा त्याची पेटी चर्चमधून आधी मैदानावर आणली. आमच्यात खेळणाऱ्याचा शेवटचा गोल करतात. पेटी गोलासमोर ठेवायची, सोबत्यानं बॉल पेटीवर मारायचा, तो पेटीला लागून आत जातो. गोलकीपर बाजूला सरकून उभा राहतो. लिब्रादोचा बॉल निकानोरनं मारला. निकानोर म्हणजे टीमचा कप्तान, डाव्या पायाचा, आम्ही त्याला डावऱ्याच म्हणतो. बॉल आत गेला, सगळे रडत रडत 'गोल' म्हणून ओरडले, आणि ओतिलिया म्हणाली, "माझाही इथेच करायचा. मी खेळले नाही तरी काय झालं?"

"तुम्ही रेघा मारल्यात, दोन्या," डावऱ्या म्हणाला. "तुमचा तर पेनल्टीशिवायच देतो."

एवढंच तिचं मागणं होतं. म्हटलं तर फार नव्हतं.

मग शहाऐंशीचा वर्ल्ड कप आला. आदल्या सप्टेंबरात भूकंपानं अर्धी राजधानी झोपवली होती, ढिगाऱ्यांतून माणसं निघत होती, तरी कप होणार म्हणजे होणारच. सामने ज्या ज्या स्टेडियमांत होणार होते, त्यांतलं एक आमच्या अंगाला होतं, चालत जाण्यासारखं. तिकीट काढण्यासारखं नव्हतं. नोव्हेंबरात काही माणसं मैदानात खुंट्या ठोकताना दिसली. ओतिलिया बादली घेऊन गेली.

"काय पेरताय?"

"मोजणी आहे, सेन्योरा. जागा कामासाठी लागणार आहे."

"कामातच आहे ती. रविवारी बघायला या."

त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा तिनं एकेक खुंटी उपटून बादलीत टाकली आणि घरी येऊन चूल पेटवली. संध्याकाळी सगळी टीम तिच्या दारात. मैदानाचा कागद कुणाकडेच नव्हता. पण आमच्या वसाहतीत घरांचेही कागद नव्हते. ज्यानं चिखल भरला त्याची जागा, आणि सगळे मिळून बसले की उठवायची कुणाची छाती नसायची. ठरलं, मैदानावरच मुक्काम टाकायचा. बायकांनी भांडी काढली. ओतिलिया सगळ्यांत पुढे.

मुक्कामाच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी वाल्दोविनोस साहेब आले.

हे कोणत्या ऑफिसातले, ते आम्हाला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही. पांढरा शर्ट, केसांना तेल, तोंडात साखर. पोलिस आणतील म्हणून आम्ही वाट बघत होतो, आणि हा माणूस उपड्या बादलीवर बसला, ओतिलियाच्या हातच्या शेंगा मागून खाल्ल्या, मिरची चावून डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, "दोन्या ओतिलिया, माझी आई गेल्यापासून अशा शेंगा खाल्ल्या नाहीत."

"ताट चाटू नका, साहेब," मी म्हटलं. "त्यावरचं फूल निघेल."

तो माझ्यावरही हसला. मग त्याची नजर खुर्चीवरच्या बाळाकडे गेली. त्यानं उठून बाळाला हात जोडले, तुटक्या बोटाची हकीकत ऐकली आणि विचारलं, "धर्मबाप कोण याचा?"

तिथेच त्यानं आम्हाला मारलं. आम्हाला कळायला पुढे सात महिने गेले.

बाळाला धर्मबाप लागतो. नाताळच्या आदल्या रात्री तो बाळाला झोळीत झोके देऊन गोठ्यात निजवतो. दोन फेब्रुवारीला नवे कपडे आणून आपल्या हातानं घालतो, मग बाळ खुर्चीवर बसतं आणि चर्चला जातं. एकदा हो म्हटलं की तीन वर्षं हे करायचं, चुकायचं नाही. आणि बाळाचा धर्मबाप झाला की बाळाच्या माणसांचा तो कोंपाद्रे झाला, जन्माचा. आधीच्या धर्मबापाची तीन वर्षं संपली होती. साहेब म्हणाले, "मला करा." आपण होऊन मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर ते त्याला नाही, बाळाला लागतं.

नाताळला ते खरोखर आले. गुडघे टेकले, झोळी हलवली, बेसूर का होईना, अंगाईची सगळी कडवी म्हटली. डोळे पुसले. माझ्या कोमाद्रेला मिठी मारून म्हणाले, "आता आपण घरचे, कोमाद्रे."

ओतिलिया कधी लाजायची नाही. त्या दिवशी लाजली. तिच्या दारात इस्त्रीचा शर्ट घातलेला कोणी पहिल्यांदाच 'घरचा' म्हणत होता.

जानेवारीत साहेब बसून बोलले. मैदान फक्त कपापुरतं हवंय, पाहुण्यांच्या बसगाड्या उभ्या करायला. कप संपला की परत. नुसतं परत नाही, वर हिरवळ लावून. "मी शब्द देतो, कोमाद्रे."

ते गेल्यावर डावऱ्या म्हणाला, "दोन्या, हे कागदावर घ्या."

"काय घ्या?"

"जे बोलले ते. खाली सही."

"तुझी बायको तू पावतीवर आणलीस काय रे? कोंपाद्रेकडे कागद मागायचा? त्यानं बाळाला झोके दिलेत."

"झोके दिले, मैदान नाही दिलं."

"जीभ आवर. बाळाच्या समोर बोलतोयस."

डावऱ्या माझ्याकडे बघायला लागला. मीही तिच्याच बाजूची. आमच्यात कोंपाद्रेला पैसे देतात तेव्हा मोजत नाहीत, आणि घेतात तेव्हाही मोजत नाहीत. मोजलं, तर नातं उघड्यावर पडलं. मग त्याच्याकडून लिहून काय घ्यायचं? त्याच्या थोबाडीत मारणं परवडलं. हे साहेबांनाही ठाऊक होतं. त्यांची आईही आमच्यातलीच असणार, शेंगांचं खोटं नसावं.

मुक्काम उठला.

दोन फेब्रुवारीला साहेब आले ते फोटोवाल्याला घेऊन. खोक्यातून निघाली देशाच्या टीमची हिरवी जर्सी, पांढरी चड्डी, लाल मोजे, बूट, आणि बाळाच्या पायाशी ठेवायला लिंबाएवढा बॉल. काय सुरेख शिवलं होतं! ओतिलियानं कांद्याच्या सालींत रंगवलेला एक छोटा शर्ट तयार ठेवला होता, बाळाला यंदा तेकेस्कितेचा करायचा म्हणून. तो तिनं गुपचूप उशीखाली सारला. कपडे धर्मबापाचेच चढतात.

साहेबांनी बाळाचे हात बाहीतून अलगद काढले, तुटक्या बोटाला जपून. फोटो निघाले. साहेबांनी पाठवलेले तमाले, मक्याच्या पानांतले वाफाळते, सगळ्या गल्लीला पुरले. पाद्री पाणी शिंपडताना म्हणाला, "यंदा स्वर्ग रिकामा दिसतोय, सगळे सराव करायला गेलेत." सगळे हसले. डावऱ्या तेवढा म्हणाला, "आपलं बाळ गेलं. देशाच्या टीमनं उचललं. आता ते आपल्या मैदानात कशाला येतंय?"

मे महिन्यात मैदानाभोवती पत्रे उभे राहिले. पाइपांचे गोल उपटून भिंतीला टेकवले. रस्त्याच्या कडेची घरं रंगवली, तीही फक्त पाहुण्यांना दिसतील एवढीच; माझं घर अर्धं गुलाबी झालं, वळणापलीकडचं अर्धं तसंच राहिलं. सामने सुरू झाले. आम्ही माझ्याकडे टीव्हीसमोर बसायचो, आणि गोलाचा गलका आधी खिडकीतून यायचा. सगळे लेकाचे खिडकीकडे माना वळवायचे आणि टीव्हीवरचा गोल चुकायचा. वर्ल्ड कप आमच्या इतका जवळ होता.

ओतिलिया रविवारी सकाळी सवयीनं उठायची, बादली भरायची. मग बादलीकडे बघायची आणि ते पाणी कुंड्यांना घालायची. तिच्या कुंड्या त्या वर्षी पाण्यानं सडल्या.

मॉन्तेरेला जर्मनांशी आपण पेनल्टीवर हरलो, तो दिवस माझ्या लक्षात आहे. गल्लीत कुणी मेल्यासारखी शांतता. डावऱ्या हातांत तोंड घालून रडत होता. ओतिलिया मांडीवर बाळ घेऊन बसली होती, अगदी नीट.

"कोमाद्रे, तुला काहीच वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटतं ना. पण आता लवकर संपेल." तिनं बाळाचा मोजा वर ओढला. "चुना घेऊन ठेवायला हवा. पावसाळ्यात महाग होतो."

फायनल रविवारी झाली. सोमवारी सकाळी ती चुन्याची पिशवी आणि बादली घेऊन निघाली, मी मागोमाग. पत्र्यांना आता लोखंडी फाटक होतं, फाटकाला कुलूप. आत बसगाड्या नव्हत्या, मालाचे ट्रक होते. पहारेकरी खुर्चीवर बसून केळं खात होता.

"उघड बाबा. रेघा मारायच्यात."

"कसल्या रेघा?"

"कप संपला. मैदान परत द्यायचं ठरलंय. वाल्दोविनोस साहेबांना विचार, ते माझे कोंपाद्रे आहेत."

पहारेकऱ्यानं केळ्याचं साल खाली टाकलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "सेन्योरा, कोंपाद्रे म्हणून सकाळपासून येणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. पलीकडच्या शाळेच्या वर्गाचेही ते धर्मबाप आहेत. नव्या देवळाच्या घंटेचे आहेत. नाल्याकाठच्या टीमच्या बॉलचे आहेत. साहेबांचं गोत फार मोठं. जागा आता ट्रकवाल्यांना दिलीय. मला महिन्याचा पगार मिळतो, मी यापलीकडे कोण?"

ओतिलियानं चुन्याची पिशवी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. चुना महाग होता.

संध्याकाळी टीम जमली. हातांत पहारी, डोळे लाल. पत्रे म्हणजे काय, तासाभराचं काम. आत घुसून बसलो असतो तर ट्रकवाले आपोआप गेले असते, असं मला आजही वाटतं. तेव्हा नुसते पत्रे होते. पण ओतिलियाच्या तोंडून हो निघाल्याशिवाय एकही पोरगा पहार उचलणार नव्हता. मैदान तिचं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"दोन्या, त्यानं फसवलंय आपल्याला!"

"फसवलंय की नाही ते मी त्याला विचारलेलं नाही. कोंपाद्रेच्या कामावर हात टाकला तर माझ्या बाळावर टाकल्यासारखं. फेब्रुवारीत त्याला यावंच लागेल, कपडे घालायला. तीन वर्षांचा शब्द आहे. त्या दिवशी बाळासमोर बसवून तोंडावर विचारीन."

"आणि नाही आला तर?"

"असं कुणी करतं का?" ती खरोखर चकित झाली होती. "माणसाला फसवतील, मैदान घेतील. पण बाळाला उघडं ठेवतील? डावऱ्या, काहीतरी बोलतोस."

डावऱ्यानं पहार माझ्या दाराशी टाकली ती कितीतरी दिवस तिथेच गंजली. हेमंतात पत्र्यांच्या आत भिंत उठली, दोन पुरुष उंच, वर काचा. नाताळला साहेब आले नाहीत. ओतिलियानं बाळाला निजवलंच नाही, झोके देणारा नाही तर निजवायचं कसं? आणि दोन फेब्रुवारीला तिनं पहाटे तमाले लावले, मक्याची पेज ढवळली, बाळाची खुर्ची धुतली, साहेबांसाठी माझ्याकडची बऱ्यापैकी खुर्ची मागून नेली. घंटा झाली, दुसरी झाली. लोक आपापली बाळं घेऊन निघाले, कुणी देवदूत, कुणी डॉक्टर. ती दारात उभी. कुठलीही मोटार वाजली की केस सारखे करायची. पेजेवर साय आली. दुपारी मी म्हटलं, "कोमाद्रे, चल. आहे त्या कपड्यांत नेऊ."

ती निघाली. बाळ हिरव्या जर्सीतच. चर्चमध्ये पोरं खिदळली, "कप कधीच संपला की!" मोठ्यांनी त्यांना चापट्या दिल्या. पाद्रीनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "ओतिलिया, मी तुला मोकळं करतो. दुसरा धर्मबाप बघ, किंवा तूच घाल कपडे. देव रागावणार नाही."

"तुम्ही मला मोकळं कराल, पाद्री," ती म्हणाली, "पण मी त्याला नाही ना केलेलं."

तेव्हापासून ते कपडे उतरले नाहीत. दरवर्षी दोन फेब्रुवारीला ती तेच बाळ, तीच जर्सी घेऊन भर गर्दीतून चर्चला जायची. आधी लोक हसायचे. मग बघून गप्प व्हायचे. मग रस्ता द्यायला लागले. एल सालादोत सगळ्यांना ठाऊक होतं ही जर्सी कुणाची आहे. मला वाटायचं, ठाऊक असून उपयोग काय? पण तिच्याजवळ दुसरं काय होतं?

सहा-सात वर्षांनी साहेब आले. मतं मागायला. आता अंगानं भरलेले, केस काळे केलेले. बाजाराच्या चौकात मंडप, बँड, टोप्या वाटत होते. ओतिलियानं अंगावर काळी शाल घेतली, बाळाला उचललं. आम्ही पाच-सहाजणी आणि डावऱ्या तिच्या मागे. गर्दीनं तिला बघितलं आणि वाट केली, चर्चमध्ये करतात तशीच. ती थेट मंडपाखाली जाऊन उभी राहिली आणि तिनं बाळ दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं. जर्सीचा रंग उडून उकडलेल्या पाल्यासारखा झाला होता. चौक गप्प झाला. बँडवाल्यांनीही थांबवलं. मला वाटलं, आता. आता विचारील.

"कोंपाद्रे," ती म्हणाली.

साहेब वाकले. त्यांनी बाळाकडे बघितलं, तुटक्या बोटाकडे बघितलं. त्यांना ओळख पटली का नाही, ते देवच जाणे. मी एवढ्या जवळ होते तरी मला सांगता येणार नाही. त्यांनी हात पुढे करून बाळ तिच्या हातांतून घेतलं, त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि माइकवर म्हणाले, "बघा! ही आपल्या देशाची आई! हरलो तरी हिनं बाळाच्या अंगावरची जर्सी उतरवली नाही! बोला, मेक्सिकोचा जय असो!"

बँड सुरू झाला. बाहेरून ट्रक भरून आणलेली माणसं ओरडली, टाळ्या वाजल्या. आमचे लोक तोंडं मिटून उभे होते, पण टोप्या वाटलेल्यांपुढे ते कितीसे? साहेबांनी बाळ परत दिलं. ओतिलियाचे ओठ हलत होते; ती मैदानाचंच विचारत होती, मी शेजारी होते, मला ऐकू आलं. "सांगा, आई," ते म्हणाले, बँडमध्ये हात कानाला लावून. मग दुसऱ्या कुणाचा हात हातात घेतला.

घरी येताना ती एवढंच बोलली, "पुन्हा त्याचाच फोटो निघाला."

निवडून आले ते. एल सालादोतूनही मतं पडली, खोटं कशाला सांगू? टोप्या बऱ्या होत्या.

गेल्या वर्षी ओतिलिया वारली, म्हातारी होऊन, अंथरुणाला खिळून. शेवटी शेवटी तिला रविवार कळायचा नाही, पण मधेच उठून म्हणायची, "कोमाद्रे, पाणी शिंपडलं का?" मी म्हणायचे, शिंपडलं. बाळ माझ्या हवाली केलं. कपड्यांबद्दल काही बोलली नाही, आणि मी विचारलं नाही.

तिची पेटी चर्चमधून निघाली तेव्हा कुणी न सांगता डाव्या गल्लीला वळली. खांदेकरी तेकेस्कितेचेच, आता सगळे आजोबा, कुणाचा गुडघा, कुणाची कंबर. पूर्वेकडच्या गोलाच्या जागी भिंत आहे, त्यावर टायरची जाहिरात रंगवलेली. भिंतीसमोर रस्त्यावर पेटी ठेवली. निकानोरनं नातवाकडून बॉल आणला होता. तो लंगडत मागे गेला, टोपी काढली, आणि डाव्या पायानं मारला. मारला मात्र बरोबर. बॉल पेटीला लागला, उडाला, भिंतीवर आपटला आणि परत आला. रस्त्यावरून घरंगळत आमच्याच पायाशी येऊन थांबला.

ओरडायला आमची तोंडं उघडली होती. तशीच राहिली.

निकानोर म्हणाला, "पुन्हा मारू का?" तेवढ्यात फाटक उघडलं आणि पहारेकरी बाहेर आला, हा नवा, पोरगेलासा. "अहो, इथे थांबू नका, गाडी निघायचीय." मागे ट्रकनं हॉर्न दिला. आम्ही पेटी उचलली, बाजूला झालो, ट्रकला जाऊ दिलं, आणि कबरस्तानाकडे निघालो.

बाळ माझ्या कपाटावर खुर्चीत बसलेलं आहे. यंदा नातसून म्हणाली, "आजी, जर्सीची चिंधी झालीय. नवी आणू का, बाजारात छान आल्यात." मी नको म्हटलं. कोपराला फाटली होती, तिथे ओतिलियाच्या उशीखालच्या त्या कांदारंगी शर्टाचा तुकडा आतून लावला, बाहेरून दिसू नये असा. दोन तारखेला आम्ही चर्चला गेलो. दारातल्या एका पोरानं विचारलं, "आजी, ही कोणत्या वर्ल्ड कपची?"

"आधीच्या," मी म्हटलं. "तो अजून संपलेला नाही."